गोटीरामच्या नावापुढच्या रेघा

दमयंती हसली की आवाज होत नसे. गळ्यापुढचा पांढरा फडका तेवढा दोन-तीनदा थरथरे. चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिची स्वरपेटी काढून टाकली होती. तेव्हापासून ती गळ्याच्या भोकातून श्वास घ्यायची आणि त्या भोकावर हा सुती फडका बांधलेला असायचा. तर त्या मंगळवारी सकाळी ती मोरीजवळ पाटावर बसून कोलंबी सोलत होती, आणि फडका थरथरत होता. समोर माणूस नाही, हातात मोबाइल नाही. कोलंबीकडे बघून कुणी हसतं का?

गोटीरामने दाराआडून हे पाहिलं आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. खरं तर ही पाल त्याच्या मनात कायमच्या मुक्कामालाच होती. गावच्या जमिनी शहरासाठी गेल्यावर त्याला महापेच्या एका कंपनीत गेटवर नोकरी लागली आणि एकतीस वर्षं त्याने एकच काम केलं. कामावरून सुटणाऱ्या माणसाची पिशवी उघडायची, डबा हलवून बघायचा, तोंडाकडे बघायचं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी नजर गेटवरच राहिली होती. दूधवाला लवकर आला तरी का आला, उशिरा आला तरी का आला. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी नवा पडदा लावला, तर आत असं काय आहे जे झाकायचंय? शिरवण्यात सगळे त्याला ओळखून होते आणि कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. पण दमयंती त्या नजरेखाली अडतीस वर्षं राहिली होती.

दमयंती गावाची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवो न येवो, डीजे कितीही मोठा येवो, धवलारीण मांडवात बसून धवले गायली नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. एकेका देवाला, एकेका मेलेल्या वाडवडलाला ती नाव घेऊन लग्नाला बोलावते. दमयंतीने बोलावलं की देवाला नाही म्हणता यायचं नाही, असा तिचा आवाज. सारसोळे, कुकशेतपर्यंतच्या घरांतून तिला धवल्यांचं आमंत्रण म्हणून विडा यायचा. मग एका लग्नसराईत आवाज बसला, तो उठलाच नाही.

तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल. पण गोटीरामला संशय आला. गावात दुसरी धवलारीण पुतळा, त्याच्या चुलतभावाची बायको, समोरच्याच आळीत राहणारी. दमयंतीपुढे तिला कधी मान मिळाला नव्हता. करणी तिचीच, असं त्याने ठरवून टाकलं. गावदेवीच्या देवळापुढे चार माणसांत तिला तसं बोललासुद्धा. मग दमयंतीला घेऊन तो सात महिने एका भगताकडे जात राहिला. लिंबू झालं, अंगारा झाला, काळा दोरा झाला. सात महिन्यांनी गळ्यात सुपारीएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा कुठे हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आला असतात तर नुसत्या किरणांच्या शेकावर भागलं असतं. गोटीराम हे वाक्य कुणाला सांगत नसे, स्वतःलाही नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, नशीब.

ऑपरेशननंतर दमयंती आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. ते त्याला समजत होतं. आवाज गेलेल्या धवलारणीने रडावं, यात वावगं काय? न समजणारी गोष्ट पुढे सुरू झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ती पिशवी घेऊन बाहेर पडू लागली. कुठे म्हणून विचारलं की पाटीवर लिहायची, 'गोजराबाईकरं'. ही पाटी म्हणजे लेकीने, उन्नतीने, आणून दिलेली ती बटन दाबलं की कोरी होणारी. आणि गोजराबाई म्हणजे नगरकडची एक ख्रिस्ती बाई, शेकाच्या रांगेत भेटलेली. तिच्याकडून परत आली की दमयंतीचा चेहरा माहेरून आल्यासारखा असायचा.

उन्नतीचं लग्न अडीच आठवड्यांवर आलं होतं. पुतळाला बोलवण्यापेक्षा मोबाइलवरचे धवले लावू, हे गोटीरामने कधीच ठरवून टाकलेलं. पण दमयंतीचं काय? हे ख्रिस्ती लोक आधी प्रार्थनेला बसवतात, मग पुस्तक देतात, मग देव्हाऱ्यातले देव काढायला लावतात, असं त्याने ऐकलं होतं. ही ऐन लग्नात मांडवात बसायला नाही म्हणाली तर? व्याह्यांपुढे, अख्ख्या गावापुढे? ही झाली चारचौघांत सांगायची भीती. खरी भीती निराळी होती आणि ती सांगताना त्याची जीभ अडखळली असती. बायको त्याच्या घरात राहून त्याच्याजवळून निघून चालली होती. रडत होती तोवर ती त्याची होती. हसायला लागली आणि हातातून सुटली.

त्या मंगळवारी ती आंघोळीला गेल्यावर त्याने तिची पिशवी उघडली. गेटवर असताना बायकांच्या पिशव्या तो कधी स्वतः उघडत नसे, त्याला वेगळी बाई होती. पण इथे बाई कुठून आणायची? आत दोन धुतलेले फडके, पाण्याची बाटली, एक काळं छोटं पुस्तक. ते निघणार हे त्याला माहीतच होतं. पुस्तकात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर निळ्या शाईत, अनोळखी हाताने, एकाखाली एक नावं लिहिलेली.

बाळाबाई. ही त्याची थोरली बहीण. काशी. ही शेजारीण. मग भगत. मग पुतळा. आणि सगळ्यांत खाली गोटीराम.

बाळाबाईच्या पुढे एक उभी रेघ मारलेली होती. काशीपुढे एक, भगतापुढेही एक. पुतळापुढे काही नाही. आणि गोटीरामच्या नावापुढे रेघाच रेघा, कागदाच्या कडेपर्यंत गेलेल्या, तिथून वळून खालच्या ओळीत, तिथून आणखी खाली. त्याने बोट ठेवून मोजल्या. एकाहत्तर.

गोटीराम कागद घेऊन खाटेवर बसला. अर्थ उघड होता. ही बाटवायच्या माणसांची यादी. ज्याला एक रेघ, तो गळाला लागला. बाळाबाईचा त्याला भरवसा नव्हताच, काशीचाही नव्हता, पण भगत? ज्याच्या दारात तो सात महिने लिंबं घेऊन बसला, तो माणूससुद्धा तिकडे फुटला? आणि आपल्यावर एकाहत्तर वेळा डाव टाकून झाला, तरी आपण जागचे हललो नाही, म्हणून पुढच्या रेघा. त्याला स्वतःचा थोडा अभिमान वाटला, आणि त्याने कागद होता तसा पुस्तकात घातला.

दुसऱ्या दिवशी बुधवारी त्याने खिडकीतून पाहिलं ते तर आणखीच भलतं. दमयंती आळी ओलांडून सरळ पुतळाच्या दारात गेली. पुतळाच्या. त्या दारात या घरचं माणूस दोन वर्षं गेलं नव्हतं. अर्ध्या तासाने दोघी उंबऱ्यावर दिसल्या. पुतळा पदराने डोळे पुसत होती आणि दमयंतीचा हात तिने धरून ठेवला होता. गुरुवारी गोटीरामने परत कागद काढून पाहिला. पुतळाच्या नावापुढे एक रेघ आली होती.

आपल्या पुढच्या मोजल्या. त्र्याहत्तर. दोन दिवसांत दोन वाढल्या होत्या.

आता या दोन दिवसांत आपल्यावर नेमकं काय करण्यात आलं, हे तो आठवू लागला. मंगळवारी कोलंबी खाल्ली. बुधवारी वांगं. चहा चार वेळा. ठरलं, चहातच काहीतरी आहे. गुरुवारी त्याने ॲसिडिटी झाली म्हणून घरचा चहा बंद केला आणि नाक्यावर जाऊन तीन कटिंग प्यायला. दमयंतीने पाटीवर 'काय झाला' म्हणून विचारलं, तर त्याने नुसता हात हलवला. ती हसली. फडका थरथरला. त्याला ते हसू आता सोसवेना.

शुक्रवारी दुपारी ती निघाली तेव्हा तिच्या पिशवीतला कागद गोटीरामच्या खिशात होता. तिची रिक्षा पुढे, याची मागे. नेरूळच्या एका जुन्या कॉलनीत ती उतरली आणि एक जिना चढून गॅलरीच्या टोकाच्या खोलीत गेली. तो पाच मिनिटं खाली थांबला. मग चपलांचा आवाज होऊ न देता वर गेला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आता आरडाओरडा सुरू होईल, टाळ्या वाजतील, कुणीतरी अंगात आल्यासारखं करील, अशी त्याची अटकळ होती. कसलाच आवाज नाही. दार सताड उघडं होतं. चोरून काही करायचं तर दार उघडं कशाला ठेवलंय, याचाही त्याला संशय आला.

"भाऊ, चपला काढा आन् आत या," आतून एक बाई म्हणाली. "उनात कशापायी उभं ऱ्हायचं?"

तीच गोजराबाई. साठीची, काळीसावळी. तिचा खालचा अर्धा जबडा कापून काढलेला होता. चेहरा एका बाजूला आत ओढला गेला होता आणि शब्द घसरत यायचे, पण कळायचे. सतरंजीवर तिच्याशेजारी दोन म्हाताऱ्या आणि दमयंती. दमयंतीने वळून पाहिलं. ती दचकली नाही, लाजली नाही. याचा गोटीरामला राग आला. पकडलेल्या माणसाने निदान दचकावं.

तो आत गेला आणि खिशातला कागद सतरंजीवर टाकला. "यो काय हाय? ही नावा कनाला लिवलीव तुमी? मना सगला ठाव हाय. माजी भैन धरली, शेजारीन धरली. आमचा भगत पन सोरला नाय."

एक म्हातारी तोंडाला पदर लावून वळली. गोजराबाईने कागद उचलून नीट घडी केली.

"भाऊ, अक्षर माझं हाय. नावं ह्यांनी पाटीवर लिहून सांगितली," ती म्हणाली. "कुणाला धरायची यादी न्हाई ही. ज्या माणसाचं नाव काढलं की मनात कडू येतं, त्याचं नाव लिहायचं. मग प्रार्थनेत बसून त्याला माफ करायचं. खरंखुरं झालं, की म्होरं रेघ मारायची."

"माफ?"

"व्हय. माझ्याबी यादीत बारा नावं हुती. पैलं नाव देवाचंच हुतं." बोलताना तिला धाप लागायची. "जबडा गेला तवा म्या त्याच्याशी लई भांडले, भाऊ. चार महिने. मग एक दिवस ध्यानात आलं, ज्याच्याशी भांडते त्याच्याबी हाताला खिळ्यांची भोकं हायत. आन् तसा क्रुसावर लटकल्याला आसताना त्यानं खिळे ठोकणारांना माफ केलं. तवापासून भांडण गेलं. दुःख न्हाई गेलं. पण दुःखात मी एकटी न्हाई, एवढं कळलं, आन् त्याचाच इतका आनंद झाला की मलाच माझं भ्या वाटलं. ह्यांना शेकाच्या रांगेत म्या एवढंच सांगितलं. ह्यांनी काय केलं म्हाईतीय? आधी माझ्या जबड्याला हात लावला, मग स्वतःच्या गळ्याला."

गोटीराम ऐकत होता, पण गेटवरच्यासारखं. बोलणं सरळ असलं की तो अधिक सावध व्हायचा. "मंग काशीनी काय केला हिचा?" त्याने विचारलं.

दमयंतीने पाटीवर लिहिलं, 'बोलली, आता कसली धवलारीन.'

"आन् पुतळा?"

'तिला माफी नाय. तिची माफी मागली. तिनी काय पन केला नव्हता.'

पुढचा प्रश्न तोंडाशी आला होता आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पिशवी उघडायची नव्हती. समोर काय निघणार हे त्याला कळून चुकलं होतं. भगत, पुतळा आणि मग तो, हा क्रम त्याने तीन दिवस वाचला होता आणि वाचला नव्हता.

"आन् माजा नाव?" तो म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून गोजराबाई उठली आणि चहा टाकायला ओट्याशी गेली. म्हाताऱ्याही तिच्यामागे गेल्या.

दमयंतीने पाटी मांडीवर घेतली आणि सावकाश लिहिलं.

'तुमी मना सात महिने भगताकरं नेला.'

चौदा महिन्यांत तिने हे एकदाही लिहिलं नव्हतं. रागाने नाही, रडून नाही, भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हाही नाही. गोटीरामने वाचलं आणि खाली बघितलं. डॉक्टरांचं ते वाक्य त्याने जिथे लपवलं होतं तिथून ते निघालं, आणि लपवायला आता त्याच्याजवळ जागा उरली नाही.

तिने बटन दाबलं. पाटी कोरी झाली. परत लिहिलं, 'बाकीच्यांना येकदा माफ केला. झाला.'

बटन.

'तुमाला रोज कराचा लागते.'

"रोज?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. मग बराच वेळ लिहीत राहिली. अक्षर लहान करून तिने सगळं एका पाटीत बसवलं. 'सकालची उठते. उन्नतीला हाक मारायला तोंड उघारते. आवाज नाय. राग परत येते. मंग देवाचे पुरं बसते, परत माफ करते, रेघ मारते. केला की आंग हलका होते. हसू येते.'

म्हणजे कोलंबी सोलताना ती हसत होती ती याच्यामुळे. त्र्याहत्तर सकाळी त्याच्याच घरात, त्याच्याच मोरीपाशी ती त्याला माफ करत होती, आणि तो दाराआडून पाळत ठेवत होता. गोटीरामला रडू आलं. ते त्याने लपवायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. साठीच्या पुढच्या माणसाने परक्या बाईच्या खोलीत सतरंजीवर बसून रडावं याची त्याला लाज वाटली, आणि तरी तो रडला.

डोळे पुसल्यावर त्याने विचारलं, कारण न विचारता तो राहणारच नव्हता, "उन्नतीचे लग्नान मांडवान बसशील ना?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की काय हा माणूस आहे. 'माजी पोर हाय,' तिने लिहिलं.

"आन् बाप्तिस्मा?"

'घेनार. लगीन झाल्यावर. तुमाला सांगून.'

हे त्याला आवडलं नाही. खोटं कशाला बोलायचं, ते त्याला आजही आवडत नाही. पण निदान ते पाटीवर होतं, पिशवीत नव्हतं. गोजराबाईने चहा पुढे केला. त्याने सवयीने आधी कपात डोकावून बघितलं, मग प्यायला.

रविवारी सकाळी गोटीराम पानविडा घेऊन पुतळाच्या दारात उभा राहिला. आळीतल्या खिडक्या हळूहळू उघडल्या. पुतळा दोन्ही हात चौकटीला लावून उंबऱ्यात आडवी उभी.

"काय तपासाला आयलास?" तिने विचारलं.

"विरा आनलाय. उन्नतीचे लग्नान धवले गावाला ये."

पुतळाने विडा घेतला. पान उलगडलं, सुपारी उजेडात धरली, चुना वास घेऊन बघितला. गोटीराम मुकाट उभा राहिला. गेटवर त्याने हजारो माणसं अशी उभी केली होती. किती वेळ जातो हे त्याला आज कळलं.

"लिंबू-बिंबू नाय ना यान?" ती म्हणाली.

"नाय. माजा चुकला, पुतळा. चार मानसांत बोललू. चार मानसांतच परत बोलाचा आसल त तसा पन बोलतू."

"मांडवान बोल. मी देव बोलवीन, ते आयले की त्यांचे पुरं बोल." तिने पान परत दुमडलं. "तुजे बायकोनी माजी माफी मागली. ती कवा चुकली होती? तवाच मना वाटला, आता यो पन येल. चार दिस लावलास." मग तिचा आवाज जरा उतरला. "माजी येक अट हाय. दमयंती माजे बाजूला बसल. तिला येतान तवरे धवले मना येत नाय. ती व्हट हलवल, मी बघून गाईन."

गोटीराम घरी आला तेव्हा दमयंती मोरीपाशी बोंबील साफ करून हात धूत होती. पुतळाची अट त्याने सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि फडकाही थरथरला, दोन्ही एकदम. मग तिने पदराला हात पुसले, काळ्या पुस्तकातून कागद काढला आणि पेन्सिल शोधली.

"आज पन?" गोटीराम म्हणाला. विडा दिला, कबूल केलं, आता तरी सुटका होईल असं त्याला कुठेतरी वाटलं होतं.

दमयंतीने मान हलवली. आज पन. सकाळी हाक मारायला तिने तोंड उघडलं होतं.

तिने कागद फरशीवर ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने तो उडू लागला. गोटीराम गुडघे मोडून खाली बसला आणि आपल्या नावापुढे तिला रेघ नीट मारता यावी म्हणून त्याने कागद दोन्ही हातांनी धरून ठेवला.